खोली, जेवण आणि सोळा हजार: किमान वेतनाचा गोव्यातला हिशोब

मांद्र्याला अकरा खोल्यांचं गेस्ट हाउस चालवणाऱ्या एका तरुण मालकाने प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: ‘माझ्याकडे सात माणसं आहेत. प्रत्येकाला महिना सोळा हजार, वर खोली आणि दोन वेळचं जेवण, त्याची किंमत मी सहा हजार धरतो. आठवड्याला एक सुट्टी. ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ. किमान वेतनापेक्षा जास्तच देतो, तरी आमचा कन्सल्टंट म्हणतो की तुम्ही कायद्यात बसत नाही. माणसं स्वतःहून या पगारावर येतात, जबरदस्ती कोणावर नाही. मग सरकारने मध्ये पडायचं कारण काय? आणि दर असेच वाढत गेले तर आमच्यासारखे छोटे बुडतील, माणसांच्या नोकऱ्या जातील, हे कोणी का बोलत नाही?’

मी आधी एका खाण कंपनीच्या पर्सोनेल खात्यात पगारपत्रकं केली आणि नंतर म्हापशाला स्वतःचं ऑफिस थाटून मालकांचीही कामं घेतली, कामगारांचीही. त्यामुळे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी तोंडपाठ आहेत. तुमच्या कन्सल्टंटचं बरोबर आहे. पण ते का बरोबर आहे हे त्याने सांगितलेलं दिसत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवात तासांपासून करू. किमान वेतनाचा दर दिवसाचा असतो आणि तो दिवस बारा तासांचा नसतो. आठवड्याचे ४८ तास हे कामाचं माप. त्यावर जो तास जाईल तो ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. गोव्यात मूळ दर आणि त्यावर निर्देशांकाप्रमाणे बदलणारा महागाई भत्ता अशी रचना आहे. अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग आहेत. तुमच्या माणसांचा नेमका आकडा पाटोच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या ऑफिसात चालू अधिसूचनेवरून बघून घ्या. इथे तोंडी हिशोब जमावा म्हणून दिवसाला ५०० रुपये धरतो.

दिवसाला ५००, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३,००० रुपये. तुम्ही देता १६,०००. म्हणून तुम्हाला वाटतं की आपण तीन हजारांनी पुढे आहोत. आता तास मोजा. रोज बारा, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास. त्यातले ४८ वजा केले की २४ तास ओव्हरटाइम. महिन्याला सरासरी १०४ तास. एका तासाचा साधा दर ६२ रुपये ५० पैसे, दुप्पट १२५ रुपये. १०४ गुणिले १२५ बरोबर १३,०००. म्हणजे बारा तासांच्या ड्युटीचा कायदेशीर पगार झाला २६,००० रुपये. बारा तास, सहा दिवस असा हिशोब केला की तो दर वर्षी, दर वर्गात, बरोबर दुप्पटच येतो. दर कुठलाही घ्या, करून बघा.

दर माणसामागे महिन्याला दहा हजार कमी पडतात. सात जणांचे सत्तर हजार. आठ महिन्यांच्या सीझनला ५ लाख ६० हजार. वेतन संहितेत (हा २०१९ चा नवा वेतन कायदा) दावा लावायची मुदत तीन वर्षांची आहे (जुन्या कायद्यात ती सहा महिने होती), आणि निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला थकबाकीच्या वर दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. दहापट कोणी सहसा लावत नाही, पण तुमचा कन्सल्टंट घाबरतो तो कशाला, हे यावरून कळेल.

यावर मालकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘बारा तास कुठे काम असतं हो, दुपारी सगळे झोपतात.’ खरं आहे. खरी विश्रांती कामाच्या तासांत धरत नाहीत. पण ती खरी असायला हवी. दोन ते पाच तो माणूस खोलीवर जाऊन झोपला, बाजारात गेला, त्याला कोणी हाक मारणार नाही, तर ते तास वजा करा. रिसेप्शनच्या मागच्या बाकावर आडवा झालाय आणि टॅक्सी आली की उठून बॅगा उचलायच्या आहेत, तर ती विश्रांती नाही. ती ड्युटीच आहे. मी पाहिलेल्या वादांतले निम्मे याच एका गोष्टीवर अडले होते, आणि दोन्हीकडे लेखी काही नव्हतं.

आता खोली आणि जेवण. तुम्ही त्याची किंमत सहा हजार लावली आहे. म्हणजे १६ आणि ६ मिळून २२ हजार. तेही २६ ला पोचत नाहीत हे सोडून देऊ. मुळात किमान वेतन रोखीने, चेकने किंवा बँकेतून द्यायचं असतं. संहितेत पगाराऐवजी वस्तू दिली तर तिची किंमत धरायला थोडी जागा आहे, पण एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच. मालकाने दिलेल्या घराचं भाडं कापायलाही वाट आहे. पण त्यासाठी आधी पूर्ण पगार पत्रकावर दाखवून मग कपात दाखवावी लागते, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुम्ही कपात दाखवलेलीच नाही. पगार कमी ठरवला आणि खोली ‘फुकट’ म्हणालात. कागदावर याचा अर्थ एकच निघतो: पगार कमी.

गोव्याच्या माणसाला हे नवीन नसावं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार भाटाची राखण करायचा, माड-पोफळीची कामं करायचा, आणि मजुरीचा विषय निघाला की उत्तर मिळायचं, ‘घर कोणाच्या जमिनीत आहे?’ घर गेलं तर सगळंच गेलं, म्हणून तो मजुरीसाठी भांडू शकत नव्हता. १९७५ चा मुंडकार कायदा आला, घरातून काढायची भीती गेली, आणि मगच तो माणूस मजुरी मागायला मोकळा झाला. आज आपण बागलकोटच्या, ओडिशाच्या, नेपाळच्या पोराला गेस्ट हाउसच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवतो तेव्हा नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर पुन्हा एकाच माणसाच्या हातात जातं. तुम्ही चांगले असाल. पण नोकरी सोडली तर त्याच रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न असलेला माणूस पगार वाढवून मागत नाही.

इथेच तुमच्या ‘स्वतःहून येतात’ या मुद्द्याचं उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर हा मुद्दा १९८२ मध्ये आला होता. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती, ठेकेदार मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी देत होते, आणि मजूर अर्थातच ‘स्वतःहून’ आले होते. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितलं की भुकेमुळे, दुसरा पर्याय नसल्यामुळे कोणी किमान वेतनाखाली राबत असेल तर तीही सक्तीच, आणि राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली वेठबिगारी तीच. म्हणून कामगाराने सही करून दिलेलं ‘मला हा पगार मान्य आहे’ असं पत्र कितीही फाइलला लावा, त्याला किंमत नाही. किमान वेतन सोडून देणारा करार कायद्याने आपोआप रद्द असतो. तशी पत्रं अजून टाइप होतात. कागद वाया जातो, एवढंच.

‘परवडत नाही’ याचंही उत्तर जुनं आहे. १९५७ च्या क्राउन अॅल्युमिनियम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कामगाराला किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही. वाक्य कठोर आहे, मान्य. पण त्यातला भेद मालक लोक विसरतात. किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघत नाहीत. त्याच्या वरचं जे रास्त वेतन, ते ठरवताना ऐपत, उद्योगाची स्थिती, आसपासचे दर सगळं बघतात. स्वातंत्र्यानंतर लगेच नेमलेल्या उचित वेतन समितीने या तीन पायऱ्या मांडल्या: खाली किमान, मध्ये रास्त, वर निर्वाह वेतन (लिव्हिंग वेज). घटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात जे आहे ते सर्वांत वरचं. आपली सगळी भांडणं खालच्या पायरीवरच अडकलेली आहेत.

खालची पायरी तरी किती उंच असावी? याचं सूत्र १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं: एका कमावत्याच्या पाठीमागे तीन ‘खाणारी तोंडं’ (बायको-मुलांचं खाणं कमी धरून, नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून तीन एकक), मोठ्या माणसामागे २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. या सूत्राने प्रामाणिकपणे हिशोब केला की आकडा सरकारला नको तेवढा वर जातो. २०१९ मध्ये अनूप सत्पथी समितीने निकष थोडे बदलून, २,४०० उष्मांक धरून, देशासाठी दिवसाला ३७५ रुपये सुचवले. केंद्राने त्याच वर्षी राष्ट्रीय तळ (देशभरासाठीचा सर्वांत खालचा दर) १७६ वरून १७८ वर नेला. दोन रुपये वाढ. १७८ रुपयांत पणजीत माशाचं एक बरं जेवण मिळतं का, ते तुम्हीच बघा. राज्यांचे दर त्याहून वर असतात म्हणून बरं, नाहीतर त्या आकड्याने काही झाकलं जात नाही.

मूळ कायदा १९४८ चा. त्याचं विधेयक १९४६ मध्ये मांडलं ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोव्यात तो अर्थात मुक्तीनंतर लागू झाला. त्या कायद्याची एक खोच होती: अनुसूचीत ज्या कामांची नावं होती तेवढ्यांनाच तो लागायचा. यादीबाहेरचं काम असेल तर किमान दरच नाही. २०१९ च्या वेतन संहितेने ही यादी काढून टाकली आणि दर सगळ्याच आस्थापनांतल्या कामगारांना लागू केला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्यामुळे ‘आमचं योगा रिट्रीट आहे, हॉटेल नाही’ ही मोरजी-हरमल पट्ट्यात ऐकू येणारी पळवाट आता बंद झाली.

नोकऱ्या जाण्याच्या भीतीबद्दल. हे कोणी बोलत नाही असं तुम्ही म्हणता, पण अर्थशास्त्रात याच्याएवढा चघळलेला विषय विरळा. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये तासाचा किमान दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तो तसाच राहिला. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्हीकडची चारशेवर फास्ट फूडची हॉटेलं आधी आणि नंतर अशी दोनदा तपासली. आपल्याकडे महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे-पलीकडे कोणी असं मोजलं तर किती बरं होईल! त्यांना न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. न्यूमार्क आणि वॉशर यांनी दुसरी आकडेवारी घेऊन उलटा निष्कर्ष काढला, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. बहुतेकांचं मत आता साधारण असं आहे की माफक वाढीने नोकऱ्या फारशा जात नाहीत, अवाजवी उडीने जाऊ शकतात. ‘माफक’ कुठे संपतं हे प्रत्येक बाजारात वेगळं.

न्यू जर्सीत तसं का झालं असावं, याचं एक स्पष्टीकरण मला गोव्यात रोज दिसतं. कामगाराला मालक सहज बदलता येत नसेल तर मालक पगार बाजारभावाखाली दाबून ठेवू शकतो, आणि तसा दाबलेला पगार कायद्याने वर आणला तर नोकरी जात नाही, फक्त मालकाचा वरकड नफा कमी होतो. आपल्याकडे मुकादमाकडून गावीच उचल घेतलेली असते. भाषा येत नाही. खोली मालकाची. सीझन सुरू झाल्यावर मध्येच नोकरी सोडली तर मागचा पगार बुडतो. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवरचा खलाशी असो की काणकोणच्या शॅकमधला (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलातला) वेटर, त्याला दुसऱ्या मालकाकडे जायचा रस्ता अरुंद आहे. बाजार खुला असेल तेव्हा ‘मागणी-पुरवठा ठरवेल’ हे ठीक. इथे पुरवठ्याच्या पायात दोरी आहे.

पण तुमची भीती सगळीच खोटी नाही, हेही सांगतो. काजूच्या कारखान्यांचं उदाहरण घ्या. काजू फोडण्या-सोलण्याच्या कामावर बहुतेक बायका असतात, मजुरी किलोवर. कायदा म्हणतो की कामाच्या मापावर मजुरी असली तरी दिवसाअखेर किमान दराखाली जाता येणार नाही. पण तिथला मालक शेजारच्या मालकाशी स्पर्धा करत नाही, तो व्हिएतनामच्या यंत्रांशी करतो. त्याला भाव वाढवता येत नाही. दर वाढले की तो यंत्र आणतो किंवा शटर ओढतो, आणि पन्नाशीच्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? अशा धंद्यात दरवाढीला सरकारची दुसरी मदत जोडली नाही तर कायद्याचा फायदा कागदावर राहतो. गेस्ट हाउसचं तसं नाही. मांद्र्याचा समुद्र व्हिएतनामला नेता येत नाही, आणि दर वाढला तर तो तुमच्या शेजाऱ्यालाही वाढतो.

कामगार संघटनांशी माझं जिथे जुळत नाही ते आणखी एक. दरांचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हावा, असं जुन्या कायद्यात होतं आणि संहितेतही आहे. सरकारं या ‘आत’चा अर्थ ‘शेवटच्या दिवशी’ असा घेतात, कधी त्याच्याही पुढे ढकलतात. मधल्या काळात महागाई भत्ता किमतींच्या मागे धावत राहतो, मूळ दर तिथेच. मग निवडणूक आली, मोर्चा निघाला की एकदम मोठी उडी. संघटना ती उडी विजय म्हणून साजरी करतात. माझ्या मते ती दोघांनाही मारते. कामगार चार वर्षं कमी पगारावर काढतो आणि छोट्या मालकाला पाचव्या वर्षी धक्का बसतो. दरवर्षी एप्रिलला थोडी, आधी जाहीर केलेली वाढ झाली तर तुम्ही ऑक्टोबरचे खोलीचे दर ठरवताना ती धरू शकाल. ही मागणी मालकांच्या संघटनेने करायला हवी. ती करत नाहीत, कारण वाढ लांबली की बरंच, असं त्यांना वाटतं.

आणि किमान दर पाळला म्हणजे रास्त पगार दिला, असं कोणी समजू नये. खाणी चालू होत्या तेव्हा आमच्याकडे किमान वेतनाची अधिसूचना कोणी उघडूनही बघत नसे. डिचोली-सत्तरी-सांगे भागातल्या खाणकामगारांचे पगार युनियनच्या करारांनी ठरायचे, आणि किमान दरापेक्षा कितीतरी वर असायचे. २०१२ ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. त्यानंतर चाळिशी उलटलेले ऑपरेटर, मेकॅनिक सिक्युरिटी गार्डच्या गणवेशात दिसू लागले, किमान दरावर, बारा तास. माणूस तोच, हातातलं कसब तेच. बदललं एवढंच की आता त्याच्यामागे करार करणारं कोणी नव्हतं. रास्त पगार कायदा देत नाही, वाटाघाट देते.

‘गोंयकार काम करायला तयार नसतो’ हे वाक्यही याच संदर्भात तपासावं. २०२४ मध्ये गोव्यातल्या औषध कारखान्यांसाठीच्या मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्या म्हणून केवढा गदारोळ झाला. कंपन्यांचं म्हणणं, इथे माणसं मिळत नाहीत. माझ्याकडे बी.एस्सी. झालेली मुलं येतात, त्यांची तक्रार वेगळी असते: वर्षानुवर्षं ‘ट्रेनी’ ठेवतात, मग कंत्राटावर टाकतात, वेर्ण्याच्या कारखान्यात जायचं भाडं आणि खोलीचं भाडं वजा केलं की हातात काही उरत नाही. डोडामार्ग-बांद्याचा मुलगा तोच पगार घेतो, कारण तो रोज मोटारसायकलने घरी जातो, घरचं जेवतो. बागलकोटचा घेतो, कारण चौघे एका खोलीत राहतात. आळसाचा मुद्दा फार थोड्या वेळा खरा असतो. बहुतेक वेळा तो माणूस पगार आणि खर्च यांची वजाबाकी करून घरी बसलेला असतो, किंवा जहाजावर गेलेला असतो.

आता तुमच्या गेस्ट हाउसकडे परत येऊ, कारण बुडण्याची भीती तिथली आहे. आजचा खर्च सात जणांचे १६,००० प्रमाणे १ लाख १२ हजार. सातजण आठवड्याला ७२ तास, म्हणजे ५०४ तासांचं काम. त्याला ४८ ने भागलं तर साडेदहा माणसं. अकरा धरा. अकरा जण १३,००० वर म्हणजे १ लाख ४३ हजार. वाढ महिन्याला ३१,०००, आठ महिन्यांच्या सीझनला २ लाख ४८ हजार. अकरा खोल्या, २४० रात्री, साठ टक्के भरल्या असं धरलं तर १,५८४ खोली-रात्री. एका रात्रीमागे वाढ साधारण १५७ रुपये. तुमचा दर २,५०० आहे आणि ऑनलाइन बुकिंगवाले १८ टक्के घेतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एका रात्रीचे ४५० ते घेऊन जातात, आणि त्यामुळे आपण बुडू असं तुम्ही पत्रात कुठे म्हटलेलं नाही.

पण अकरा माणसं लागतीलच असं नाही. दुपारचे ते रिकामे तास खरोखर रिकामे करा. चेकआउट अकराला, चेकइन दोनला. साफसफाईचा भार सकाळी नऊ ते दोन, रिसेप्शनचा संध्याकाळी, स्वयंपाकघराचा दोन टोकांना. दोन पाळ्या लावल्या तर माझ्या अंदाजाने नऊ जणांत काम निघेल: १ लाख १७ हजार, म्हणजे आजच्यापेक्षा पाच हजार जास्त. ठेवलेल्या सात जणांचा हातातला पगार तीन हजारांनी कमी होईल, हे मात्र त्यांना आवडणार नाही. त्यांच्यात जे स्वयंपाकी आहेत, ते कुशल वर्गात जातात. त्यांना ‘हेल्पर’ लिहू नका, ही सगळ्यांत जास्त पकडली जाणारी चलाखी आहे. त्यांचा पगार तसाही वर राहील. बाकीच्यांना तीन हजारांचा फरक भरून दिलात तरी नऊ जणांचे १ लाख ४४ हजार, म्हणजे वरच्या अकरा जणांच्या हिशोबापेक्षा हजारच जास्त, आणि माणसं तुमच्याकडे टिकतील. दर सीझनला नवी माणसं शिकवण्याचा खर्च तुम्ही कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

दहावा माणूस आला की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागतो, म्हणून पुष्कळ जण नवावर थांबतात. थांबा हवं तर. पण कामगाराचा वाटा पाऊण टक्का, तुमचा सव्वातीन टक्के, आणि जिन्यावरून पडून कोणाचा पाय मोडला तर तो सव्वातीन टक्का फार स्वस्त वाटतो.

काही चालींबद्दल स्पष्ट सांगतो, कारण त्या तुम्हाला कोणीतरी सुचवणारच. पगार खात्यात पूर्ण टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी एटीएमवरून रोख परत घ्यायची: हे हल्ली यूपीआयमुळे, मोबाइलमधल्या मेसेजमुळे सहज सिद्ध होतं. सर्व्हिस चार्ज आणि टिप पगारात धरायची: टिप गिऱ्हाइकाने दिलेली असते, तुम्ही नाही. माणसं ठेकेदाराच्या नावावर दाखवायची: ठेकेदाराने पगार बुडवला तर तो तुमच्याकडूनच वसूल होतो. पगाराचे दहा तुकडे करून मूळ वेतन नावापुरतं ठेवायचं: संहितेत ठरावीक भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनातच मोजतात. आणि दावा झाला तर पगार पूर्ण दिला हे दाखवायची जबाबदारी आता मालकावर आहे, कामगारावर नाही. म्हणून हजेरीपट आणि पगारचिठ्ठी तुमच्याच बचावासाठी आहे. आल्याची-गेल्याची वेळ लिहा, विश्रांतीची वेळ लिहा, सही घ्या.

हे वाचणाऱ्यांत कामगारही असतील. त्यांनी रोज मोबाइलमध्ये वेळ टिपून ठेवावी, ड्युटी लावणारे मेसेज पुसू नयेत. तक्रार पणजीत किंवा मडगावात कामगार खात्याच्या ऑफिसात देता येते, वकील लागत नाही. एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी जावं.

शेवटी मे महिन्याबद्दल, कारण तुम्ही ते विचारलेलं नाही आणि तिथेच सगळ्यात जास्त भानगडी होतात. पावसाळ्याआधी माणसं गावाला निघतात तेव्हा ‘ऑक्टोबरात परत या, मग देतो’ म्हणून एक पगार अडकवून ठेवायची आपल्या किनाऱ्यावर रीत आहे. माणूस परत यावा म्हणून. संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर, त्याने सोडली असो, तुम्ही काढलं असो की धंदा बंद झाला असो, सगळी बाकी कामाच्या दोन दिवसांत चुकती करायची असते. ज्यांना पुढच्या सीझनला बोलवायचंय त्यांना तारीख आणि पगार लिहिलेलं पत्र द्या, रेल्वेचं तिकीट काढून द्या, आणि थिवीच्या स्टेशनवर जायच्या आधी शेवटचा पगार खात्यात जमा करा.